लग्नाची पहिली ऑर्डर ते राजीनामा : फोटोग्राफीचा धंदा कसा उभा करावा

"दादा, तुमच्याकडे मोठा कॅमेरा आहे ना? मग रविवारी ताईच्या साखरपुड्याला याल का? जेवण आपल्याकडेच आहे."

हौशी फोटोग्राफरला पहिली ऑर्डर बहुतेक अशीच मिळते. माझीही अशीच आली. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, हप्त्यावर घेतलेला कॅमेरा आणि सुटीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या काठी पक्ष्यांचे फोटो, एवढीच तेव्हा माझी फोटोग्राफी होती. त्या साखरपुड्यानंतर नोकरी सोडायला तीन वर्षं लागली. त्या काळात फोटो सुधारले ते सुधारलेच, पण खरं शिकलो ते वर्ष मोजायला. कोणत्या महिन्यात पैसे येतात, कोणत्या महिन्यात नुसते हप्ते जातात, हे कळेपर्यंत माझी हौसच चालू होती. मी नाशिकमध्ये मुख्यतः लग्नं करतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत.

नोकरीतल्या वर्षांबद्दल कुणी हळहळलं की मी गौतम राजाध्यक्षांचं नाव काढतो. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात लागले आणि पूर्णवेळ स्वतःची व्यावसायिक फोटोग्राफी त्यांनी सुरू केली १९८७ मध्ये. त्यामानाने तुमची दोन-तीन वर्षं फार नाहीत.

पहिली पायरी : कॅमेऱ्याआधी पंचांग उघडा

गंमत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि लग्नाच्या तारखांवर खुणा करा. तुळशीचं लग्न झालं की मोसम सुरू होतो, पौषात बरीच घरं थांबतात, माघ-फाल्गुनात पुन्हा जोर येतो आणि वैशाखात तर एका दिवशी तीन-तीन फोन येतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की सगळं शांत. मध्येच गुरू किंवा शुक्राचा अस्त येतो, कधी अधिक महिना येतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. सिंहस्थात लग्न करावं की करू नये, यावर आमच्याकडे गुरुजींचंही एकमत होत नाही, त्यामुळे नाशिकच्या फोटोग्राफरने तेही डोक्यात ठेवलेलं बरं.

अशा खुणा केल्या की साधारण पन्नास-साठ कामाचे दिवस हाती लागतात. पगार बारा महिने लागतो आणि लग्नं जेमतेम सात महिने होतात. मधले महिने कशाने भरायचे, ते आत्ताच लिहून काढा. संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाणं असतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. डोहाळजेवण, बारसं, साठीशांत ही कामं वर्षभर येतात, आणि चातुर्मासात लग्नं बंद असली तरी बाळं जन्माला यायची थांबत नाहीत. त्याखेरीज सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत यंत्रांचे आणि सुट्या भागांचे फोटो लागतात, हॉटेलवाल्यांना मेन्यूसाठी पदार्थांचे लागतात, द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना खोक्यांवर आणि माहितीपत्रकात छापायला लागतात. मी पावसाळ्यासाठी एमआयडीसी धरली. कोल्हापूरचा असतो तर चपला आणि दागिने धरले असते, येवल्याचा असतो तर पैठणी.

लग्न आणि एक बिगरमोसमी काम, एवढी जोडी पुरे. "सर्व प्रकारची फोटोग्राफी केली जाईल" असा बोर्ड लावणाऱ्याला कुठल्याच एका कामासाठी कुणी आठवणीने फोन करत नाही.

दुसरी पायरी : एक मोसम दुसऱ्याच्या हाताखाली

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पहिलीच ऑर्डर स्वतःच्या नावावर घेतात. माझा सल्ला उलटा आहे. एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर, म्हणजे मदतीचा दुसरा फोटोग्राफर, म्हणून आठ-दहा लग्नं करा. पैसे कमी मिळतील, मिळू द्या. लग्न ही अशी गोष्ट आहे की तिथे "परत एकदा करा" म्हणता येत नाही, आणि चुका करायच्याच असतील तर जबाबदारी दुसऱ्याची असताना केलेल्या बऱ्या.

एक प्रसंग जवळून सांगतो. मंगलाष्टकं संपत आली आहेत. मंडपात चारशे माणसं उभी, प्रत्येकाच्या एका मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात मोबाइल. अंतरपाट दोन माणसांनी धरलेला. "शुभमंगल सावधान" होतं, ताशा वाजतो, अंतरपाट बाजूला होतो आणि नवरी मान वर करते. त्या एका-दोन सेकंदांसाठी तुम्हाला बोलावलेलं असतं. नेमक्या त्याच सेकंदाला हवेत अक्षतांचा पाऊस असतो आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस नवरीचे डोळे सोडून समोरच्या तांदळाच्या दाण्यावर जातो. माझ्या पहिल्या लग्नात माझ्याकडे अंतरपाटाचे अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत तांदूळ अप्रतिम आले होते.

त्यानंतर मी काय करायला लागलो ते सांगतो. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी गुरुजींना विचारतो, "गुरुजी, अंतरपाट कोणत्या बाजूने काढणार?" त्या बाजूला मी उभा राहत नाही, नाहीतर कापड ओढणारा हात थेट चौकटीत येतो. मुलीच्या मामांना हात जोडून सांगतो, "मामा, अर्धं पाऊल मागे राहा, तुम्हीही फोटोत याल." मामा खूश, नवरीचा चेहरा मोकळा. अंतरपाट असतानाच चेहऱ्याच्या अंतरावर फोकस घेऊन तो तिथेच थांबवतो, एफ ४ पर्यंत लेन्सचं छिद्र बारीक करतो, शटरचा वेग किमान १/२५० सेकंद ठेवतो. आणि दोन फोटोग्राफर लागतातच, एक नवरीच्या चेहऱ्यावर, एक नवऱ्याच्या. एकट्याने दोन्ही चेहरे एकाच क्षणी टिपता येत नाहीत. ज्या ग्राहकाला "एकच माणूस पाठवा, स्वस्तात करा" हवं असतं, त्याला हे असंच समजावून सांगतो. बहुतेकांना पटतं.

सेकंड शूटर असताना विधींचा क्रमही अंगवळणी पाडा. सीमांतपूजन, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळणी, सूनमुख, माप ओलांडणं. घराघरांत, जातीजातींत फरक असतो, म्हणून दरवेळी आदल्या दिवशी घरच्या एखाद्या मावशी-काकूंकडून यादी घेतो. बाप्यांना विचारून उपयोग नसतो.

तिसरी पायरी : दर काढा, ऐकू नका

बाजारात दर ऐकून आपला ठरवणं ही सर्वात महागडी चूक. शेजारचा जो दर घेतो त्यात त्याचं घर चालतं की त्याच्या बापाची शेती त्याला चालवते, हे तुम्हाला माहीत नसतं. स्वतःच्या वर्षाचा हिशोब मांडा. नमुन्यादाखल आकडे देतो, तुम्ही तुमचे घाला.

घराला महिना ३५,००० लागतात, म्हणजे वर्षाचे ४,२०,०००. साहित्य ३ लाखांचं आणि चार वर्षं टिकेल असं धरलं तर दरवर्षी ७५,००० झीज. विमा आणि दुरुस्ती २५,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, इंटरनेट ४०,०००. पेट्रोल, प्रवास ५०,०००. जाहिरात आणि सीए ३०,०००. बुडीत पैसे आणि आजारपणासाठी ६०,०००. बेरीज ७,००,०००. कामाचे दिवस ५० मिळाले तर एका दिवसाचे १४,००० तुमच्या एकट्याच्या हाती उरले पाहिजेत. सेकंड शूटर, व्हिडिओवाला, अल्बमची छपाई हे त्याच्या वरचं.

हा आकडा पाहून घाम फुटतो. मलाही फुटला होता, कारण तेव्हा मी साखरपुड्याचे ३,००० घेत होतो. पण लग्नाचा एक दिवस म्हणजे नंतर निवड आणि एडिटिंगचे तीन-चार दिवस, हे विसरू नका.

आकडा आत्ताच मिळत नसेल तर ठीक, नोकरी आहे ना? दर सहा महिन्यांनी थोडा वाढवत त्या आकड्यापर्यंत पोहोचा. पोहोचल्याशिवाय नोकरी सोडू नका.

फोनवर पहिलाच प्रश्न येतो, "दादा, कॅन्डिडचे किती घेता?" कॅन्डिड म्हणजे पोज न देता टिपलेले फोटो. लगेच आकडा सांगितला की समोरचा "बरं, कळवतो" म्हणून ठेवतो. आधी तुम्ही विचारा. तारीख कोणती, लॉन्स कुठलं, हळद घरी की हॉलवर, दोन्हीकडचं काम एकत्र की वेगळं? पाच मिनिटं बोलणं झालं की दर एका ओळीत न सांगता काय-काय मिळेल ते लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. नातेवाइकांसाठी माझा नियम असा: सख्ख्यांचं काम फुकट, आहेर म्हणून. बाकी सगळ्यांना पूर्ण दर. "घरचंच आहे, अर्धे घ्या" यात नातंही जातं आणि अर्धेही.

चौथी पायरी : साहित्य

इथे हौशी माणूस वाहवत जातो, म्हणून थोडक्यात. दोन मेमरी कार्ड बसणारा कॅमेरा घ्या, ही माझ्या लेखी एकमेव सक्तीची अट. दुसऱ्या वर्षी माझ्या एका-कार्डाच्या कॅमेऱ्यात भर हळदीत कार्ड गेलं आणि चाळीस मिनिटांचे फोटो परत आले नाहीत. त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांना सांगितलं, हळदीचे पैसे परत केले. ते चांगले वागले, पण त्या घरातून पुन्हा काम आलं नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सेकंडहँड चालते. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, पाहा, लेन्समधून टॉर्च टाकून बुरशी पाहा, मूळ बिल मागा. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार भागात जुन्या-नव्याची बरीच दुकानं आहेत, पण बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूला ना विमा मिळतो ना चोरीची तक्रार नीट लिहिली जाते. सुरुवातीला २४-७० आणि ८५ एमएमच्या लेन्स, दोन फ्लॅश आणि ते दुरून पेटवणारा ट्रिगर एवढ्यावर लग्न होतं. ७०-२०० ची लांबची लेन्स भाड्याने आणा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्या. तेही जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

लॉन्सवर एलईडी भिंत आणि जांभळे पार लाइट, म्हणजे सजावटीचे रंगीत दिवे, हटकून असतात. सायलेंट शटरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटो काढलात तर पट्टे येतात, तिथे मेकॅनिकल शटर वापरा. गोरज मुहूर्ताला डेकोरेशनवाल्याला गाठून "दादा, मंगलाष्टकांपुरते पार लाइट पांढरे ठेवा" म्हणावं. चहा पाजला तर नक्की ठेवतो.

ड्रोन विकत घेऊ नका, निदान आत्ता नको. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल भाग पाहावा लागतो. नाशिकच्या एका अंगाला देवळालीचं लष्करी ठाणं, दुसऱ्या अंगाला ओझरचा विमानतळ. प्रमाणपत्र असलेला ड्रोनवाला दिवसावर बोलवा.

पाचवी पायरी : करार आणि पैशांचे टप्पे

दोन पानांचा साधा मराठी करार पुरे. त्यात तारीख, कार्यक्रम, किती तास, किती माणसं, किती फोटो, किती दिवसांत, अल्बमची पानं, तारीख बदलली किंवा रद्द झाली तर काय, हे लिहा. आमच्या जेवणाचंही लिहा. हसू नका, रात्री अकराला उपाशी माणसाच्या हाताने पाठवणीचे फोटो हलतात.

एक गोष्ट बहुतेक फोटोग्राफरांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक ग्राहक असतो, तुम्ही नाही. म्हणजे नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्कही आपोआप तुमच्याकडे येत नाही. करारात एक ओळ घाला आणि त्यापुढे होय/नाहीची चौकट ठेवा. लहान मुलांच्या फोटोंसाठी आईवडिलांना वेगळं विचारा. कुणी नाही म्हणालं तर नाही.

पैसे तीन टप्प्यांत. तारीख पक्की करताना ३० टक्के ॲडव्हान्स, हळदीच्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी ६०, अल्बमच्या वेळी १०. लग्न उरकल्यावर मोठी रक्कम मागायला गेलात तर तोवर मंडपवाला, आचारी, घोडेवाला सगळे रांगेत तुमच्या पुढे उभे असतात. मला एका घरातून १८,००० अजून यायचे आहेत. त्यांच्या मुलाचं बारसंही होऊन गेलं.

आणि अल्बमचं सिलेक्शन! फोटो निवडून द्यायला लोक वर्ष लावतात, मग अचानक लग्नाच्या वाढदिवसाला चार दिवस उरले की फोन येतो. करारात लिहा: ६० दिवसांत निवड आली नाही तर फोटोग्राफर स्वतः निवडून अल्बम छापेल. हे कलम मी आजवर एकदाच वापरलंय, पण आठवण करून द्यायला फार कामाला येतं.

सहावी पायरी : डेटा

घरी आल्यावर जेवायच्या आधी कार्डं उतरवायची. तीन प्रती, दोन वेगळ्या जागी साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर. माझी एक प्रत सासुरवाडीला असते, क्लाउडपेक्षा स्वस्त पडते. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. दोन दिवसांत पंधरा-वीस निवडक फोटो नवरीला पाठवा. सगळं घर तेव्हा उत्साहात असतं, स्टेटसला तेच लागतात, आणि पुढची ऑर्डर त्या स्टेटसमधून येते. तेच फोटो मेकअपवाल्या ताईंना आणि डेकोरेशनवाल्याला न मागता पाठवा, त्यांच्या कामाचे वेगळे कापून. लॉन्सच्या मॅनेजरला कमिशन देऊन जेवढी कामं येतात, त्यापेक्षा मला या फुकटच्या फोटोंनी जास्त दिली आहेत. गूगलवर व्यवसायाचं पान तयार करून ठेवा, ते फुकट आहे, आणि "माझ्या जवळचा फोटोग्राफर" शोधणारे लोक खरंच फोन करतात.

सातवी पायरी : कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते आणि फुकट आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. हा कागद कंपन्यांच्या कामात फार उपयोगी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि वेळेत न दिल्यास त्या कंपनीला तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. अकाउंट्सवाल्यांना तो लगेच दिसतो.

स्टुडिओ किंवा ऑफिस थाटलं तर गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी; मोजकी माणसं असतील तर ते काम ऑनलाइन सूचना देऊन भागतं. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागतो, फोटोग्राफीला दर १८ टक्के. त्याआधी हौसेने घेऊ नका, लग्नघरातल्या माणसाला त्या १८ टक्क्यांचा काहीच परतावा मिळत नाही, तुम्ही फक्त महाग होता. आयकरात छोट्या धंद्यांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे, उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. तुमचं काम त्यात बसतं का हे सीएकडून एकदा तपासून घ्या. धंद्याचं खातं वेगळं काढा, पहिल्याच महिन्यात.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि ५ लाखांपर्यंत किशोर, तारणाशिवाय. पण हप्ता ठरवताना मे महिन्याची कमाई न पाहता ऑगस्टची पाहा.

शेवटची पायरी : राजीनामा

सलग बारा महिने, म्हणजे पावसाळ्यासकट, नोकरीबरोबर धंदा चालवून पाहा. त्या वर्षात दर तुमच्या आकड्यापर्यंत आला का? सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला आहे का? पुढच्या मोसमाच्या तारखा ॲडव्हान्ससह डायरीत आहेत का? तिन्हींना होय असेल तर विचार करा.

त्याआधी दोन कामं पगार चालू असतानाच उरका. घराचं कर्ज घ्यायचं असेल तर आत्ता घ्या, नंतर बँक धंद्याचे दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागते. आणि कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतःच्या नावाने काढा, कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. पीएफला हात लावू नका. नोकरीच्या करारात दुसरा धंदा करायला बंदी असेल तर तेही आधीच वाचून ठेवा, साहेबांनी इन्स्टाग्रामवर पाहण्यापेक्षा बरं.

मी राजीनामा दिला तो ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. डायरीत एकोणीस तारखा होत्या, त्यांतली पहिली तुळशीच्या लग्नानंतरची. पहिल्या सोमवारी सवयीने साडेसहाला जाग आली, डबा भरायचा नव्हता. बायको म्हणाली, आता काय करणार दिवसभर? मी जुन्या हार्ड डिस्क काढल्या आणि एकेकीवर लग्नाची तारीख लिहून चिकटपट्टी लावत बसलो.